कॉफीच्या पाकिटावर संत्रं, गूळ, बदाम... पण आत तर फक्त कॉफीच! मग ही चव येते कुठून?

रील्स बघून तुम्ही ऑनलाइन कॉफी मागवली. पाकीट २५० ग्रॅमचं, किंमत घरातल्या नेहमीच्या कॉफीपेक्षा कितीतरी जास्त. पाकिटावर झोकात लिहिलंय, 'संत्रं, गूळ, भाजलेला बदाम'. मोठ्या उत्सुकतेनं पहिला घोट घेतलात आणि तोंडातून एकच शब्द निघाला, "कडू!"

संत्रं कुठंय? गूळ कुठंय? अशा वेळी मनात दोनच शक्यता येतात. एक तर कंपनीनं फसवलं, नाहीतर आपल्याला कॉफीतलं काही कळत नाही. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. पाकिटावरच्या त्या तीन शब्दांचा अर्थ काय, ती चव नेमकी तयार कुठं होते आणि आपल्या कपापर्यंत येता येता हरवते कुठं, हे समजून घेतलं तर पुढचं पाकीट निवडणं बरंच सोपं होतं.

पाकिटावरची फळं कॉफीत घातलेली असतात का?

साधारणपणे नाही. या शब्दांना 'टेस्टिंग नोट्स' म्हणतात. कॉफी चाखणाऱ्या माणसाला ती पिताना कशाची आठवण झाली, याची ती नोंद असते. एखाद्या द्राक्षाला मधासारखी चव आहे असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात कुणी मध ओतलेला नसतो. तसंच हे.

पण ही नुसती कविकल्पनाही नाही. भाजलेल्या कॉफीत ८०० हून अधिक सुगंधी संयुगं सापडली आहेत. त्यातली बरीचशी आपल्या ओळखीच्या इतर पदार्थांमध्येही असतात. शेंगदाणे भाजताना जो खमंग वास सुटतो, त्यात 'पायराझिन' गटातल्या संयुगांचा मोठा वाटा असतो. तीच संयुगं कॉफी भाजतानाही तयार होतात. काही कॉफींमध्ये फुलांसारखा सुगंध देणारं 'लिनालूल' असतं, ते धण्यांमध्येही भरपूर असतं. लिंबू-संत्र्यातलं सायट्रिक आम्ल आणि सफरचंदातलं मॅलिक आम्ल कॉफीच्या बीमध्येही असतं. त्यामुळे कॉफी पिताना संत्रं आठवलं, तर त्यामागे काहीतरी कारण असतं.

याला अपवाद मात्र आहेत. 'हेझलनट' किंवा 'व्हॅनिला' कॉफी म्हणून जी विकली जाते, तिच्यात अनेकदा वरून फ्लेवर घातलेला असतो. अलीकडे काही उत्पादक कॉफी आंबवतानाच तिच्यात फळं किंवा मसाले मिसळतात. अशा कॉफीवर 'को-फर्मेंट' किंवा 'इन्फ्युज्ड' असं लिहिलेलं दिसतं. पाकिटाच्या मागच्या बाजूची घटकांची यादी वाचली की हा फरक कळतो. वरून फ्लेवर घातला असेल तर तो लेबलवर जाहीर करणं बंधनकारक आहे.

आपल्याकडे लग्नकार्यात मिळणारी, दूध-साखर आणि जायफळ घातलेली कॉफी आठवा. तिथं जायफळ खरोखरच घातलेलं असतं. पाकिटावर टेस्टिंग नोट म्हणून 'जायफळ' लिहिलेलं असेल, तर ती फक्त तुलना असते.

चव कळते जिभेला की नाकाला?

एक सोपा प्रयोग करून बघा. नाक चिमटीत धरा आणि थोडी बडीशेप चावा. फक्त किंचित गोडसर लागेल. आता नाक सोडा. त्याच क्षणी 'बडीशेप' कळेल.

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी अशा मोजक्याच चवी समजतात. बाकी सगळं काम नाक करतं. घोट घेतल्यावर तोंडातला सुगंध घशाच्या मागच्या बाजूनं नाकात पोहोचतो आणि मेंदू दोन्ही मिळून एकच 'चव' तयार करतो. कॉफीतलं संत्रं किंवा बदाम म्हणजे मुख्यतः हा सुगंध. म्हणूनच सर्दी झाली की महागातली कॉफीही नुसतं कडू पाणी वाटते.

चव वर्णन करायची तर नेमकं काय बघायचं?

फळाफुलांच्या नावांत शिरण्याआधी पाच साध्या गोष्टी ओळखता आल्या तरी पुष्कळ आहे.

आंबटपणा: पाकिटावर 'ॲसिडिटी' असा शब्द दिसला तर दचकू नका. हा चवीचा शब्द आहे, पित्ताचा नाही. संत्र्याची फोड खाल्ल्यावर तोंडाला जे पाणी सुटतं, तशी तरतरी म्हणजे चांगली ॲसिडिटी. कैरीसारखी टोचणारी किंवा व्हिनेगरसारखी असेल, तर काहीतरी बिघडलंय. कॉफी फार आम्लधर्मी नसते. तिचा सामू, म्हणजे पीएच, ५ च्या आसपास असतो, तर लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास.

गोडवा: कच्च्या बीतली साखर भाजताना जवळपास संपून जाते. तरीही काही कॉफी बिनसाखरेची गोडसर वाटते. कारण साखर जळताना तयार होणारे कॅरॅमलसारखे सुगंध. वास गोड आला की मेंदू चवही गोड मानतो. 'गूळ', 'मध', 'काकवी' या नोट्स इथून येतात.

कडवटपणा: याचं खापर आपण कॅफीनवर फोडतो, पण कॅफीनचा त्यातला वाटा थोडाच असतो. डिकॅफ कॉफीही कडू लागतेच. बराचसा कडवटपणा भाजताना तयार होणाऱ्या संयुगांमधून येतो आणि कॉफी जितकी जास्त भाजली जाते, तितका तो तीव्र होत जातो.

बॉडी: म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा. पातळ ताक आणि मठ्ठा यांत जो फरक असतो, तसा.

शेवट: घोट गिळल्यानंतर तोंडात काय उरतं? कोकोसारखी चव मागे राहते, की आवळा खाल्ल्यासारखं तोंड तुरट होतं? कॉफीच्या जगात याला 'आफ्टरटेस्ट' म्हणतात.

ही चव ठरते कुठे?

चार टप्प्यांवर. यातला प्रत्येक टप्पा पाकिटावर कुठं ना कुठं लिहिलेला असतो.

पहिला टप्पा, झाड कोणतं? बाजारातली बहुतेक कॉफी दोन प्रजातींची असते, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका मूळची इथिओपियाच्या परिसरातली. तिच्यात साखर आणि स्निग्धांश जास्त, कॅफीन साधारण १.२ टक्के. त्यामुळे ती सौम्य, सुगंधी आणि आंबटगोड असते. रोबस्टा मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतली. तिच्यात कॅफीन जवळपास दुप्पट. ती दाट, कडक आणि धान्य किंवा मातीच्या वासाकडे झुकणारी असते. याचा अर्थ रोबस्टा म्हणजे हलका माल, असा नाही. नीट तोडलेली आणि नीट धुतलेली रोबस्टा दुधात फार छान उतरते.

प्रजातीच्या आत पुन्हा वाण असतात. हापूस आणि पायरी दोन्ही आंबेच, पण चव वेगळी, तसंच. 'गेशा' हा मूळचा इथिओपियाचा वाण. २००४ मध्ये पनामातल्या 'हासिएन्दा ला एस्मेराल्दा' या मळ्याच्या गेशा कॉफीनं तिथली स्पर्धा जिंकली आणि जाईजुईसारख्या सुगंधामुळे हा वाण जगभर गाजला.

दुसरा टप्पा, पीक कुठं आलं? उंचावर हवा थंड असते, फळ सावकाश पिकतं आणि बी घट्ट होते. अशा कॉफीत आंबटपणा आणि सुगंध सहसा जास्त उठून दिसतो. भारतात अरेबिका साधारण १,००० ते १,५०० मीटर उंचीवर घेतली जाते, रोबस्टा ५०० ते १,००० मीटरवर.

तिसरा टप्पा, फळातून बी कशी काढली? कॉफीची 'बी' लालचुटूक फळाच्या आत असते. फळ सोलून, चिकट गर आंबवून-धुऊन मग बी वाळवली तर ती 'वॉश्ड'. हिची चव स्वच्छ आणि आंबटपणा स्पष्ट असतो. अख्खं फळच उन्हात वाळवलं आणि नंतर बी काढली तर ती 'नॅचरल'. गरासोबत दिवसेंदिवस राहिल्यामुळे तिला पिकलेल्या फळांचा, कधी कधी वाइनसारखा वास येतो. आणि साल काढून थोडा चिकट गर तसाच ठेवून वाळवली तर ती 'हनी'. इथंही मधाचा काही संबंध नाही. नाव पडलं ते त्या चिकटपणामुळे.

भारतीय व्यापारात यासाठी वेगळे शब्द आहेत. वॉश्ड अरेबिकाला 'प्लँटेशन', वॉश्ड रोबस्टाला 'पार्चमेंट' आणि अख्खी वाळवलेल्या कॉफीला 'चेरी' म्हणतात. दुकानात 'प्लँटेशन ए' किंवा 'पीबी' असं लिहिलेलं दिसलं तर त्यातला 'ए' हा आकाराचा दर्जा आहे आणि 'पीबी' म्हणजे पीबेरी. फळात नेहमीच्या दोन बियांऐवजी एकच गोल बी तयार झाली की तिला पीबेरी म्हणतात.

चौथा टप्पा, भाजली किती? कच्च्या कॉफीला कॉफीचा वास नसतो. ती हिरवट असते आणि वास गवतासारखा, वाटाण्यासारखा येतो. भट्टीत बी तापली की साखर आणि अमिनो आम्लांमध्ये 'मेयार्ड अभिक्रिया' सुरू होते. भाकरीला डाग पडताना किंवा रवा खमंग भाजताना जी होते, तीच ही. २०० अंश सेल्सियसच्या आसपास बी लाहीसारखी तडतडते. त्यानंतर लवकर काढली तर 'लाइट रोस्ट'. तिच्यात फळांचा आंबटपणा आणि फुलांचा वास टिकतो. अजून थोडी भाजली की 'मीडियम', म्हणजे कॅरॅमल, सुकामेवा, चॉकलेट. त्याहून पुढे 'डार्क', म्हणजे कोको, धूर, करपल्याकडे जाणारी कडू चव. बी जितकी जास्त भाजाल, तितकी झाडाची आणि जागेची ओळख पुसत जाते आणि भट्टीची चव वर येते.

भारतातल्या कॉफीची चव कशी असते?

भारतात कॉफी कशी आली, याची एक प्रसिद्ध आख्यायिका आहे. १७ व्या शतकात बाबा बुदान नावाच्या सूफी संतांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात पेरल्या. तो डोंगर आज बाबा बुदानगिरी म्हणून ओळखला जातो. आज देशातली सर्वाधिक कॉफी कर्नाटकात पिकते, त्याखालोखाल केरळ आणि तामिळनाडूत. एकूण उत्पादनात रोबस्टाचा वाटा अरेबिकापेक्षा बराच मोठा आहे. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्यातही कॉफीची झाडं आहेत.

२०१९ मध्ये पाच भारतीय कॉफींना भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय टॅग मिळाला: कुर्ग अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, बाबा बुदानगिरी अरेबिका, अराकू व्हॅली अरेबिका आणि वायनाड रोबस्टा. सावलीत वाढणारी इथली अरेबिका साधारणपणे सौम्य आंबटपणाची, चॉकलेट आणि सुक्यामेव्याकडे झुकणारी असते.

सगळ्यात वेगळी कथा आहे 'मॉन्सून्ड मलबार'ची. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाणारी कॉफी महिनोन्‌महिने दमट समुद्री हवेत राहायची, फुगायची आणि तिचा आंबटपणा उतरायचा. पुढे प्रवास लवकर होऊ लागला, तेव्हा तिकडच्या लोकांना ती जुनी चव हवीशी वाटू लागली, असं सांगितलं जातं. म्हणून आता पश्चिम किनाऱ्यावर, मुख्यतः मंगळुरूच्या परिसरातल्या गोदामांत, ही कॉफी पावसाळ्याच्या दमट वाऱ्यात मुद्दाम पसरून ठेवतात. बी फुगते, फिकट सोनेरी होते. अशी कॉफी दाट असते, आंबटपणा अगदी कमी, वास मसाल्याचा आणि लाकडाचा. ज्यांना आंबट कॉफी सहन होत नाही, त्यांनी ही नक्की करून बघावी.

आणि चिकोरी?

साउथ इंडियन फिल्टर कॉफीची ओळखीची चव अनेकदा एकट्या कॉफीची नसते. त्यात चिकोरी असते. चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्यात कॅफीन नसतं. ती काढ्याला गडद रंग, दाटपणा आणि गोडसर-करपट चव देते. चिकोरी म्हणजे भेसळ नव्हे, अनेकांना तीच चव आवडते. फक्त आपण कशाचे पैसे देतोय ते माहीत असावं. भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असू शकते. घरातलं पाकीट किंवा इन्स्टंट कॉफीची बरणी उलटून बघा, कदाचित आश्चर्य वाटेल.

'ब्लूबेरी' न खाल्लेल्यानं ब्लूबेरी ओळखायची कशी?

कॉफी चाखणाऱ्यांकडे 'फ्लेवर व्हील' नावाचं एक रंगीत चक्र असतं. अमेरिकेतल्या स्पेशालिटी कॉफी संघटनेनं ते १९९५ मध्ये आणलं आणि २०१६ मध्ये 'वर्ल्ड कॉफी रिसर्च'च्या शब्दकोशाच्या आधारे नव्यानं मांडलं. त्याच्या मध्यभागी फळं, फुलं, गोड, सुकामेवा-कोको, मसाले, भाजलेलं असे नऊ मोठे गट आहेत. बाहेरच्या बाजूला जावं तसे शब्द बारीक होत जातात: फळं, मग बेरी, मग ब्लूबेरी.

अडचण अशी की हा शब्दकोश अमेरिकेत तयार झाला. त्यातल्या चवींच्या नमुन्यासाठी दिलेले अनेक पदार्थ तिथल्या दुकानांत मिळणारे आहेत. ज्यानं ब्लूबेरी कधी खाल्लीच नाही, त्याला ती कॉफीत सापडणार कशी? यात तुमच्या जिभेचा दोष नाही.

उपाय सोपा आहे. आपले शब्द वापरा. जांभूळ, करवंद, तुती, आमसूल, चिंच, काकवी, खारीक, भाजलेले शेंगदाणे, धणे, लवंग, खरपूस भाकरी. चक्राच्या मधल्या गटापर्यंत पोहोचलात, म्हणजे 'फळासारखी आहे' किंवा 'खमंग आहे' एवढं जरी कळलं, तरी निवड करायला ते पुरेसं आहे.

मग घरी ती चव का येत नाही?

नोट्स लिहिणारे लोक कॉफी ठरावीक पद्धतीनं चाखतात. याला 'कपिंग' म्हणतात. १५० मिलिलीटर पाण्याला साधारण सव्वाआठ ग्रॅम ताजी दळलेली कॉफी, पाणी ९३ अंशांच्या आसपास, दूध-साखर अजिबात नाही. आपल्या घरात यातलं बरंच काही बदललेलं असतं.

दूध: दुधातली प्रथिनं कॉफीतल्या तुरट घटकांना बांधून ठेवतात आणि स्निग्धांश चव गुळगुळीत करतो. कडू, चॉकलेटी कॉफी दुधात खुलते. पण फुलं आणि संत्रं दुधाखाली गाडली जातात. लाइट रोस्ट दुधात उकळलीत तर जास्तीचे पैसे वाया गेलेच म्हणून समजा.

शिळेपणा: पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. भाजल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात ती संपवणं चांगलं. दळलेली पूड तर फार लवकर सुगंध गमावते.

काढण्याची पद्धत: कॉफी आंबट आणि पाणचट लागली, तर ती पुरेशी उतरलेली नाही. पूड थोडी बारीक घ्या किंवा वेळ वाढवा. कडू आणि तुरट लागली, तर जास्त उतरली आहे. पूड जाडसर घ्या किंवा वेळ कमी करा. सुरुवातीला १५ ग्रॅम कॉफीला २४० मिलिलीटर पाणी हे प्रमाण धरायला हरकत नाही.

एक संध्याकाळ, दोन कप

एकच कॉफी पिऊन चव कळणं अवघड असतं. तुलना केली की लगेच कळते. दोन अगदी वेगळ्या कॉफींची छोटी पाकिटं घ्या, समजा एक वॉश्ड अरेबिका, मीडियम रोस्ट आणि दुसरी मॉन्सून्ड मलबार. दोन कपांत प्रत्येकी १० ग्रॅम जाडसर पूड घाला, वर १८० मिलिलीटर गरम पाणी ओता. पाणी उकळून अर्धा-एक मिनिट थांबलेलं असू द्या. चार मिनिटांनी वरचा थर चमच्यानं मोडा आणि फेस काढून टाका. कोमट झाल्यावर चमच्यानं सुर्र आवाज करत चाखा. पाहुण्यांसमोर हे चालणार नाही, पण आवाज करून ओढल्यानं सुगंध नाकापर्यंत नीट पोहोचतो. कॉफी थंड होत जाईल तसे फरक अधिक स्पष्ट होतील. कोणती जास्त आंबट, कोणती दाट, मागे काय उरतं, एवढंच लिहून ठेवा.

थोडक्यात, पाकीट घेताना काय वाचाल?

फळांची नावं सगळ्यात शेवटी वाचा. त्याआधी प्रजाती, प्रोसेस, रोस्ट आणि भाजल्याची तारीख बघा. दूध-साखरेची कॉफी आवडत असेल तर मीडियम ते डार्क रोस्ट घ्या, त्यात थोडी रोबस्टा असली तर उत्तमच. चिकोरी चालत असेल तर तिची टक्केवारी बघून घ्या. काळी कॉफी पीत असाल आणि आंबटपणा नको असेल, तर मॉन्सून्ड मलबार किंवा मीडियम रोस्ट. सरबतासारखी तरतरीत चव हवी असेल तर वॉश्ड लाइट रोस्ट आणि फळांचा ठसठशीत वास हवा असेल तर नॅचरल.

पाकिटावर संत्रं लिहिलंय आणि तुम्हाला आमसूल आठवलं, तर तुमचं चुकलेलं नाही. दोन्हीकडे गोष्ट आंबटगोड चवीचीच आहे. आणि दुधाची, जायफळ घातलेली कॉफीच सगळ्यात जास्त आवडत असेल, तर पुढच्या वेळी त्या महागड्या लाइट रोस्टवर पैसे घालू नका.